आंब्याला एका पावसाळ्याची मुदत द्या

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले, की दारव्ह्याच्या कोणत्याही आळीत उकिरड्यावर एक दृश्य हमखास दिसते. उन्हाळ्याच्या अखेरीस चोखून फेकलेल्या कोयी फुगतात, त्यांची कवचे उकलतात आणि तांबूस, लवलवीत पाने घेऊन आंब्याची रोपे उभी राहतात. कोणी खत घातलेले नसते, कोणी पाणी दिलेले नसते. शाळेतून परतणारी मुले त्यातली दोनचार रोपे उपटतात, कोयीतला गर दगडावर घासून त्याची पिपाणी करतात आणि ती वाजवीत घरी जातात. उरलेली रोपे श्रावण संपेपर्यंत शेळ्यांच्या पोटात गेलेली असतात. दरवर्षी हे असेच घडते. आणि दरवर्षी चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत सर्वत्र ऐकू येते, की आपल्याकडे आता आंबा राहिला नाही.

ही तक्रार खोटी नाही. जे झाड उकिरड्यावर आपणहून उगवते, ते शेताच्या धुऱ्यावरून मात्र नाहीसे होत चालले आहे. अडाण नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठाने ज्यांनी बालपणी आंबे पाडले, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कित्येक गावांत ‘अमराईचे वावर’ हे नाव तेवढे शिल्लक आहे. त्या वावरात उभे असते ते सोयाबीन. जी झाडे उरली आहेत त्यांच्या फांद्यांवर बांडगुळाने ठाण मांडले आहे. उरलेल्यांतील पुष्कळशांचा सौदा आरागिरणीवाल्याशी कधीही होईल अशी स्थिती आहे.

या झाडांना एके काळी नावे होती. माणसाला असते तसे प्रत्येक झाडाला नाव होते. ज्याच्या फळाच्या खांद्यावर शेंदूर चढतो तो शेंदऱ्या. ज्याची कैरी खोबऱ्यासारखी लागते तो खोबऱ्या. ज्याच्या रसाला शेपूचा वास तो शेप्या. कोणी साखऱ्या, कोणी केळ्या, कोणी नुसता गोटी. कोणत्या झाडाचे लोणचे वर्षभर टिकते, कोणत्याचा रस पातळ आणि कोणत्याचा दाट, कोणत्या झाडाचा पाड आधी लागतो, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असे. गवताच्या थरांत आंब्यांची माच घातली, की साऱ्या घराला त्या वासाचे दिवस येत. पाहुण्यांसाठी आमरस आणि सरगुंडे हा बेत ठरलेला. आजही अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखविल्यावाचून आंबा तोंडात न घालणारी घरे वऱ्हाडात आहेत. पूर्वी त्या दिवशी निदान पन्ह्याची कैरी तरी धुऱ्यावरच्या झाडाची असे. आता पितरांपुढे ठेवला जाणारा आंबा हा बहुधा आंध्रातून ट्रकने आलेला बैंगनपल्ली असतो. पितर काही बोलत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

झाडे का जातात, याचा विचार मात्र हळवेपणाने करून चालणार नाही. शेतकऱ्याला झाडाचा द्वेष नसतो. त्याचा हिशेब सरळ असतो. धुऱ्यावरचा मोठा आंबा आपल्या सावलीत कपाशीची चारदोन तासे खातो. मोहर धरला तर फळ धरेलच याची खात्री नाही. आणि गावरान आंबा बहुधा एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. आला तर माकडे, वादळ आणि रात्रीचे चोर यांतून जे उरेल ते शहरातला व्यापारी पडेल भावात उचलतो. शेताच्या वाटण्या होत गेल्या तसे धुरे अरुंद झाले. ट्रॅक्टर आला आणि धुऱ्यावरचे झाड त्याच्या वाटेत येऊ लागले. शिवाय झाड आजोबांचे आणि नातू अनेक. दारव्ह्याजवळच्या एका गावात तोडलेल्या आंब्याच्या बुंध्याशी उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला प्रस्तुत लेखकाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, आंबा तर आमच्या आज्याचा व्हता. लावनारा एकटा व्हता, तोडाले मात्र आमी सात जन व्हतो.” सात वाटेकऱ्यांत फळांची वाटणी दरवर्षी करावी लागते आणि दरवर्षी भांडण होते. लाकडाची वाटणी एकदाच करावी लागते. यापुढे त्या शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला उरतो असे वाटत नाही.

तेव्हा ‘झाडे तोडू नका’ असे सांगण्यासाठी हा लेख नाही. म्हणणे एवढेच आहे, की तोडण्यापूर्वी त्या झाडाला एका पावसाळ्याची मुदत मिळावी. ही मुदत कशासाठी, हे कळायचे तर आंब्याच्या कोयीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

आपल्याकडचे बहुतेक आंबे एकभ्रूणी आहेत. म्हणजे कोयीत एकच अंकुर असतो आणि तो परागसिंचनातून जन्मलेला असतो. मातेच्या फुलावर कोणत्या झाडाचा पराग आला हे माशीला ठाऊक. त्यामुळे शेंदऱ्याची कोय लावली तर शेंदऱ्याच येईल याची शाश्वती नाही. येतो तो एक नवाच आंबा, आईचा थोडा, बापाचा थोडा. कोकण-केरळच्या किनाऱ्यावर काही बहुभ्रूणी जाती आहेत. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतील बहुतेक आईसारखीच निपजतात. वऱ्हाडातल्या गावरान आंब्याला ही सोय नाही. याचा अर्थ असा, की धुऱ्यावरचा तो खोबऱ्या साऱ्या जगात एकच आहे. तो गेला की त्याच्या हजार कोयी लावूनही परत मिळणार नाही. कपाशीचे बियाणे दुकानातून पुन्हा आणता येते. तोडलेला खोबऱ्या कोणत्याही दुकानात नाही.

माणसाने या अडचणीवर फार पूर्वी उपाय शोधला, तो म्हणजे कलम. आवडत्या झाडाची काडी घेऊन ती कोयीच्या रोपावर बांधली, की मूळ एकाचे आणि फळ दुसऱ्याचे असे झाड तयार होते. आणि ते फळ हुबेहूब मातृवृक्षाचे असते. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात या विद्येला चांगलाच बहर आला. अफान्सो द आल्बुकेर्क या त्यांच्या गव्हर्नराच्या नावावरून ‘हापूस’ हा शब्द आपल्या जिभेवर रुळला. आज लक्षावधी झाडांवर जो हापूस लागतो, तो मुळात अशाच निवडलेल्या झाडाचा पिढ्यान् पिढ्या वाढविलेला विस्तार आहे. कोणीतरी कधीतरी एका झाडाची काडी वेळेवर काढली, म्हणून हापूस आहे. आमच्या शेंदऱ्याची काडी कोणी काढली नाही, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, की गावरान आंब्याचे एवढे कौतुक कशाला? केशर लावा, आम्रपाली लावा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना लावा. फळ मोठे, रेषा कमी, बाजारात भाव बरा. हे म्हणणे खोटे नाही. ज्याच्याकडे विहीर आहे आणि एकरभर जमीन बागेसाठी सोडण्याची ऐपत आहे, त्याने केशर अवश्य लावावा. मराठवाड्याने केशरावर मेहनत घेतली आणि २०१६ साली ‘मराठवाडा केशर’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळविले. पण लक्षात घ्या, की रत्ना काय किंवा आम्रपाली काय, हे सारे संकर जुन्या जातींमधूनच निघाले. उद्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिकणारा, कमी पाण्यावर येणारा आंबा कोणाला घडवावयाचा असेल, तर त्याला आईबाप कोठे शोधावे लागतील? शंभर उन्हाळे अंगावर घेऊन, पाण्याच्या थेंबावाचून ज्यांनी नाल्याकाठी फळे दिली, त्यांच्यातच ना?

आता हे झाड वाढवावे कसे, ते पाहू. आंबा लावणे अवघड आहे अशी समजूत शिकलेल्या लोकांतच जास्त आढळते.

पहिली गोष्ट जागेची. दारव्हा भागातील काळी, भारी, कपाशीची जमीन आंब्याला तितकीशी मानवत नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. खाली मुरूम लागणारी, पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन, नाल्याची उंच कड, गावठाणाची कडा, शाळेच्या मैदानाचा चढ अशा जागा त्याला भावतात. जुन्या माणसांनी आंबे नेमके अशाच ठिकाणी लावले होते, हे सहज फेरफटका मारला तरी दिसून येईल. बाग करावयाची असेल तर दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे. म्हणजे हेक्टरी शंभर झाडे बसतात. खड्डा मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल हवा. आणि तो एप्रिल-मे महिन्यांतच खोदून उन्हात तापू द्यावा. पाऊस सुरू होण्यापूर्वी तळाशी पालापाचोळा, वर चांगली माती, चारपाच घमेली कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून तो जमिनीच्या वर वीतभर येईल असा भरावा. माती पुढे बसते. तेव्हा सपाट भरलेला खड्डा पावसाळ्यात डबके होतो.

दुसरी गोष्ट कोयीची. बाजारातून तयार कलम आणून लावण्याची रीत सोयीची खरी. पण जिथे उन्हाळ्यात पाण्याची खात्री नाही, तिथे कोय जागेवरच लावावी आणि कलमही जागेवरच बांधावे, हे श्रेयस्कर. कारण सोपे आहे. कोयीतून निघालेले सोटमूळ पहिल्याच वर्षी सरळ खाली ओल शोधीत जाते. पिशवीत वाढविलेल्या रोपाचे हेच मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसते, आणि पुढे जमिनीत गेले तरी त्या वेटोळ्याची खोड सहजी जात नाही. आंब्याची कोय फार काळ जिवंत राहत नाही, ती साठवून ठेवता येत नाही. फळ खाल्ल्यापासून जितक्या लवकर लावाल तितके बरे, आणि महिना उलटला तर आशा सोडावी. कोयी धुऊन पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. ज्या तरंगतात त्या फेकून द्याव्यात. एका खड्ड्यात वीतभर अंतराने दोनतीन कोयी लावाव्यात. लावताना कोयीची फुगीर, बाकदार कड वर ठेवावी आणि दोन-तीन बोटे माती टाकावी. उताणी किंवा उलटी लागलेली कोय उगवते, पण रोप वाकडे निघते. महिन्याभरात रोपे वर येतात. त्यांतले सर्वांत जोमदार ठेवून बाकीची दुसरीकडे न्यावीत. मुलांना पिपाणीसाठी एखादे द्यायलाही हरकत नाही.

तिसरी गोष्ट राखणीची. आणि खरे सांगायचे तर आंबा लावण्याची सारी विद्या या एका शब्दात आहे. शेळी, गाय, उधई आणि मे महिना हे आंब्याच्या रोपाचे चार शत्रू. पहिल्या दोघांवर बोराटीचे काटेरी कुंपण हा जुना आणि स्वस्त उपाय. लोखंडी जाळी चोरीला जाते, बोराटी कोणी चोरीत नाही. उधईसाठी बुंध्याजवळ अर्धवट कुजलेले शेण किंवा सुके काटूक राहू देऊ नये. मे महिन्यासाठी मडके. रोपापासून हातभर अंतरावर एक कच्चे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्याच्या तळाशी बारीक भोक पाडून कापसाची वात बसवावी आणि चार दिवसांनी ते भरीत जावे. ज्या तालुक्यात कापूस घरोघरी आहे, तिथे वातीची अडचण पडू नये! रोपाच्या नैर्ऋत्येला शेवरी किंवा तुरीचे दोन ताट उभे असले, की दुपारचे ऊन आणि झळा अडतात. असे तीन उन्हाळे काढले, की सोटमूळ ओलीपर्यंत पोचते आणि झाड माणसाच्या ऋणातून मोकळे होते.

येथे शाळांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपे लावण्याचा झाला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी वृक्षांचे संकल्प सोडले. शाळाशाळांतून खड्डे झाले, छायाचित्रे झाली, आकडे वर गेले. परंतु रोप लागते जुलैत आणि मरते मे महिन्यात. आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असते. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा वाळलेल्या काडीशेजारी नवा खड्डा खोदला जातो. त्याच खड्ड्यात लागोपाठ तीन वर्षे रोप लावणारी एक शाळा प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. तेथील शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांना तरी रोपे किती लावली एवढेच विचारले जात होते. गेल्या वर्षीची किती जगली, हे विचारणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असे तीन वर्षांत विभागले गेले, त्यामागे हाच विचार होता: पैसा लावण्याचा नव्हे, जगविण्याचा. शाळांनी शंभर रोपांचा हव्यास सोडून पाचच लावावीत आणि शाळेजवळ राहणाऱ्या पाच घरांना सुटीतली पाण्याची पाळी वाटून द्यावी. पाचांतली चार जगतील.

आता कलम. कोयीचे रोप वर्षाचे झाले, बोरूएवढे जाड झाले, की पुढच्या पावसाळ्यात त्याच्यावर पाचर कलम करता येते. ज्या झाडाचा आंबा हवा आहे त्याची तीनचार महिन्यांची, शेंड्याची, निरोगी फांदी निवडावी. झाडावर असतानाच तिची पाने कापावीत; देठ मात्र ठेवावेत. आठदहा दिवसांनी देठ गळून पडतात आणि शेंड्याचा डोळा फुगू लागतो. तीच वेळ काडी काढण्याची. काडी वीतभर असावी. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरपे काप घेऊन पाचर करावी; रोपाचा शेंडा हातभर उंचीवर छाटून त्यात तेवढीच उभी चीर द्यावी; पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळावी आणि वरून पेप्सीच्या गोळीची लांबट पिशवी टोपीसारखी घालावी. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे हवेत. निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. चाकू धारदार आणि स्वच्छ हवा. दोनतीन आठवड्यांत डोळा फुटतो. मग टोपी काढावी आणि सांध्याखाली येणारी प्रत्येक फूट खुडावी. हे शेवटचे काम जो विसरतो, त्याचे कलम खालच्या गावरान फुटीने गिळून टाकले जाते. आणि पाच वर्षांनी तो रोपवाटिकेवाल्याला शिव्या देत बसतो. सांधा जुळला की पट्टी सोडावयास विसरू नये.

ही विद्या शिकायला पदवी लागत नाही. आठवी-नववीचा मुलगा दहा कलमे बिघडवतो आणि अकरावे बरोबर बांधतो. काडी जुन्या, फळत्या झाडाची असल्यामुळे कलमाला चारपाच वर्षांत फळ येते. नुसत्या कोयीच्या झाडाला आठदहा वर्षे थांबावे लागते. पहिली दोनतीन वर्षे येणारा मोहर खुडून टाकावा. झाडाची ताकद वाढीला लागू द्यावी. पुढे दरवर्षी जूनमध्ये विस्ताराच्या घेराखाली चर काढून शेणखत द्यावे. पाऊस संपल्यापासून मोहर फुटेपर्यंत पाणी तोडावे आणि फळ वाटाण्याएवढे झाले की पुन्हा सुरू करावे. तुडतुडे आणि भुरी यांचा बंदोबस्त मोहर फुटतानाच करावा लागतो. त्याविषयी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा, दुकानदाराचा घेऊ नये. फवारणीतील विषबाधेने २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात जे बळी घेतले, त्यानंतर हे निराळे सांगावे लागू नये.

आणि ज्या शाळेत एकाच झाडापुरती जागा आहे, तिने काय करावे? उत्तर प्रदेशातील मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेंहून अधिक जातींची कलमे बांधली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीनशेंचे सोडा, गावातल्या पाच जुन्या झाडांच्या पाच काड्या शाळेतल्या एका झाडाच्या पाच फांद्यांवर बांधल्या, तरी गावाचा आंबा गावात राहील.

आता मुदतीकडे वळू. ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४’ या कायद्याच्या अनुसूचीत मोह, चिंच, जांभूळ यांच्याबरोबर आंबाही आहे. त्यामुळे स्वतःच्या शेतातला आंबा तोडावयाचा तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. या परवानगीचे काय होते, हे ज्यांच्या टेबलावरून ते अर्ज जातात त्या कारकून मंडळींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मंजुरी नाकारून झाड वाचत नाही. ते रात्री पडते, एवढेच. पण मंजुरीच्या कागदावर दोन अटी घालता येणार नाहीत काय? तोड सप्टेंबरनंतर व्हावी. आणि तत्पूर्वी गावच्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला त्या झाडाच्या काड्या काढू द्याव्यात. तोड बहुधा उन्हाळ्यात होते. आणि उन्हाळ्यात काढलेली काडी आपल्याकडच्या कोरड्या हवेत क्वचितच जगते. कलमासाठी पावसाळी दमट हवाच हवी. एका पावसाळ्याची मुदत मागण्याचे कारण हे एवढेच आहे. शेतकऱ्याचे त्यात चार महिने जातात, लाकूड काही पळून जात नाही.

हीच गोष्ट रस्त्यांच्या रुंदीकरणाची आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड या दारव्ह्यावरून आखलेल्या रेल्वेमार्गासारख्या कामांची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादित जमिनीवरच्या झाडांचे मूल्य तज्ज्ञांकडून ठरविले जाते आणि मालकाला मिळते. ते मिळालेच पाहिजे. परंतु त्या मूल्यात झाडाचे फळ आणि लाकूड मोजले जाते, त्याचे वाण मोजले जात नाही. शकुंतलेची गाडी वऱ्हाडचा कापूस न्यायला आली आणि थकून थांबली. नवी गाडी येईल तेव्हा तिचे स्वागतच आहे. तिच्या वाटेतल्या आंब्यांच्या काड्या आधी निघाल्या, तर त्या स्वागतात काही उणे पडणार नाही. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. रस्ते करणाऱ्यांनी झाडांचीही नोंद ठेवावी, ही कल्पना या देशात काही परकी नाही.

नोंदीवरून आठवले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी असे ठरविले. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कोणाच्या तरी छापील नमुन्यावरून भरली जाते आणि ‘आंबा’ या शब्दापुढे ‘आहे’ एवढेच लिहिले जाते. केरळात कन्नूरजवळच्या कण्णपुरम येथे गावकऱ्यांनीच हिंडून शंभराहून अधिक स्थानिक आंबे नावानिशी नोंदले. हे काम दारव्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात जमणार नाही असे नाही. झाड कोणत्या धुऱ्यावर, त्याचे नाव काय, कोणाच्या आजोबांनी लावले, पाड केव्हा लागतो, रसाला की लोणच्याला, किती जणांचा वाटा, आणि ते विकले गेले आहे काय: सात रकाने पुरेत. शेवटचा रकाना आधी भरावा. ज्या झाडाचा सौदा झाला आहे, त्याच्याकडे पहिल्यांदा जावयाचे आहे.

राहता राहिली ती उभी असलेली झाडे. त्यांच्यावरचे बांडगूळ फुलण्याच्या आत, ज्या फांदीवर आहे तिच्या थोड्या भागासह कापून काढावे. नुसते ओरबाडले तर ते पुन्हा फुटते. काप बोर्डो मलमाने लिंपावा. एवढ्याने एखाददुसरे झाड पुन्हा मोहरते, असा अनुभव आहे.

कलमांसाठी आमच्या भागातला चांगला काळ नागपंचमी ते पोळा. तेव्हा ज्याला यंदा काडी बांधावयाची आहे, त्याने नागपंचमीच्या आधी आठवडाभर मातृवृक्षावरच्या फांद्यांची पाने छाटून त्यांना खुणेचा दोरा बांधून ठेवावा, आणि झाडाच्या मालकाला त्या दोऱ्याचे कारण सांगून ठेवावे.